एक्स-रेच्या आधी करगोटा का सोडायचा?

पोटाचा फोटो काढायला आलेल्या माणसाला आम्ही आधी करगोटा सोडायला सांगतो. काहींना ते रुचत नाही. लहानपणापासून कमरेला असलेली वस्तू परक्या खोलीत काढून ठेवायला जिवावर येतं, हे आम्हाला कळतं. म्हणून त्यामागचं कारण इथे सविस्तर देत आहोत.

एक्स-रे हे प्रकाशाच्याच जातीचे किरण, पण डोळ्यांना न दिसणारे आणि कितीतरी जास्त ताकदीचे. आपली सोलापुरी चादर उन्हात धरून बघा. वीण दाट तिथे उजेड अडतो, विरळ तिथे आरपार येतो. शरीरात एक्स-रे असेच अडतात, फक्त तिथे दाटपणाबरोबर पदार्थ कुठल्या अणूंचा आहे यालाही फार महत्त्व असतं.

मांस, चरबी, पाणी हे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे. हाडात कॅल्शियम असतं. अणू कधीकधी किरण पूर्ण गिळतो आणि बदल्यात एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो. ही शक्यता ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येच्या, घनाप्रमाणे वाढते. ऑक्सिजनचा अणुक्रमांक 8, कॅल्शियमचा 20, म्हणजे अडीचपट. पण अडीचचा घन केला की फरक साडेपंधरा पटींवर जातो! म्हणून हाडामागे किरण फार कमी पोचतात आणि ती जागा पांढरी दिसते. फुप्फुसात हवा, किरण सहज आरपार जातात, म्हणून ते काळं. छातीच्या फोटोला ‘श्वास भरून धरा’ म्हणतो ते फुप्फुस पूर्ण फुलावं आणि फोटो हलू नये यासाठी.

चांदीचा अणुक्रमांक 47. नुसत्या काळ्या दोऱ्यातून किरण सहज जातात, पण त्यातला चांदीचा मणी पांढराशुभ्र उमटतो, आणि नेमका मूत्रनळीच्या वाटेवर आला तर चार मिलिमीटरचा खडा त्याच्यामागे झाकला जाऊ शकतो. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटजेन यांनी 1895 साली पत्नीच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही ठळक आली होती. मंगळसूत्र, ताईत, केसातल्या पिना यांचंही तेच.

मुतखड्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जातं, लघवी दाट होते आणि खडे धरायला वाव मिळतो. बहुतेक खडे कॅल्शियमचे, ते फोटोत दिसतात. पण निव्वळ युरिक अ‍ॅसिडचा खडा मांसासारख्याच हलक्या अणूंचा असतो, तो साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला तरी डॉक्टर सोनोग्राफी सांगतात, ते यासाठी. तो खर्च वायफळ समजू नका.

सगळेच किरण गिळले जात नाहीत. काही इलेक्ट्रॉनला धडकून वाट बदलतात आणि पेशंटच्या अंगातून चहूकडे पसरतात. त्यांनी फोटोवर धुकं धरतं, पोट मोठं असेल तर जास्तच. ते अडवायला फिल्मच्या पुढे शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. सोबतच्यांना खोलीबाहेर थांबवतो तेही याच किरणांमुळे. लहान मुलाला धरावंच लागलं तर धरणाऱ्याला लेड एप्रन, म्हणजे शिशाचा अंगरखा, घालतो. शिशाचा अणुक्रमांक 82, म्हणून ते किरण चांगले अडवतं.

‘किरण अंगात राहतात का?’ हा प्रश्न रोज येतो. राहत नाहीत. दिवा बंद केला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच हे. छातीच्या एका फोटोचा डोस साधारण 0.02 ते 0.1 मिलिसिव्हर्ट (अंगाला मिळणारे किरण मोजायचं माप). जमीन, आकाश, हवा आणि अन्न यांतून जगात माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. तरीही गरज नसताना फोटो काढणं आम्हाला पटत नाही. जुना फोटो असेल तर घेऊन या, कधी त्यावरच काम भागतं. पाळी चुकली असेल तर मात्र आधी सांगा. आमच्या ताईंच्या कानात सांगितलंत तरी चालेल.

करगोट्याची गाठ सुटत नसेल तर घाई करू नका, आम्ही थांबतो. ठेवायला छोटी डबी देतो, ती सोबतच्या माणसाकडेच द्या. फोटो नीट आल्याचं सांगितलं की लगेच बांधा.