खिळे पुरून तांदळात लोह उतरतं का?

भाताच्या वाफ्यात गंजके खिळे पुरले की तांदळात लोह वाढतं, असं सांगणारा व्हिडिओ मला एकाच आठवड्यात तिघांनी पाठवला. खिळे पुरायला हरकत नाही, पायात घुसणार नाहीत एवढं बघा. पण आधी हिशेब मांडू.

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरातली माती साधारण २,००० टन भरते. तिच्यात २ टक्के लोह धरलं, तरी झालं ४० टन. त्याच शेतातून ४ टन बिनपॉलिशचा तांदूळ निघाला आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम लोह असलं, तर दाण्यांतून उचललं गेलेलं लोह किती? ४० ग्रॅम! या हिशेबात तुमचे पावशेर खिळे कुठेच नाहीत.

म्हणजे लोहाचा तुटवडा नाही, ते विरघळत नाही ही अडचण आहे. हवेशीर मातीत लोह फेरिक रूपात असतं, म्हणजे गंजच म्हणा. सामू (मातीची आम्लता मोजणारा आकडा, पीएच) एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणून चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या राशीवर उभं असलेलं पीकही केवडा पडून पिवळं होतं. खाचरात पाणी साचलं की उलटं घडतं. ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू श्वसनासाठी फेरिक लोहावर इलेक्ट्रॉन ढकलतात. त्यातून तयार होणारं फेरस लोह पाण्यात सहज विरघळतं. आम्लधर्मी पाणथळ जमिनीत तर इतकं, की भाताला लोहाची विषबाधा होते.

आता माझा आवडता भाग. गवत कुळातली झाडं गंजाची वाट बघत बसत नाहीत, मुळांतून एक रेणू बाहेर सोडतात. १९७६ साली जपानी संशोधक ताकागी यांनी ओट आणि भाताची मुळं धुतलेल्या पाण्यात लोहाला धरून ठेवणारी द्रव्यं सापडल्याचं नोंदवलं. ही म्युजिनिक आम्लाची मंडळी. हा रेणू फेरिक लोहाला सहा बाजूंनी चिमटीत पकडतो, मुळाच्या पृष्ठभागावरचं खास वाहक प्रथिन ती जोडी ओळखतं आणि अख्खी आत ओढून घेतं. जव हे आम्ल सढळ हाताने सोडतं, तेही सूर्योदयानंतरच्या काही तासांतच. भात मात्र हात आखडता ठेवतो. पाण्यात वाढायची सवय असल्यामुळे त्याने फेरस लोह थेट आत घेणारा दुसरा दरवाजाही राखलाय. आणि हे आम्ल निकोटियानामीन नावाच्या ज्या रेणूपासून बनतं, तेच झाडाच्या आत लोहाचं हमालपण करतं. अन्नरसासोबत लोह लोंबीपर्यंत पोचतं ते याच्याच खांद्यावरून.

आता खताकडे वळू. मातीत टाकलेलं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हवेशीर जमिनीत लवकरच फेरिक बनतं, म्हणजे पुन्हा गंजच. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूच्या चिमटीत धरलेलं लोह जास्त टिकतं, पण ते महाग. पानांवर फवारणी केली तर मातीची भानगड टळते. म्हणून फुलोरा ते दुधाळ दाणा या काळात अर्ध्या टक्क्याच्या आसपासचं हिराकसाचं द्रावण फवारण्याचे प्रयोग होतात. पण पानातून दाण्याकडे लोह नाखुशीनेच सरकतं, त्यामुळे वाढ बेताचीच होते. गंमत म्हणजे नत्र पुरेसं दिलं तरी दाण्यातलं लोह वाढतं, हे गव्हावरच्या प्रयोगांत दिसलंय. प्रथिनं वाढली की लोहाला वाहणारे आणि साठवणारे, दोन्ही वाढतात.

जाता जाता: लाल तांदळाचा लाल रंग लोहाचा नव्हे. ती सालीतली वनस्पतिज रंगद्रव्यं. रंग बघून लोह मोजणाऱ्या जाहिरातींना हात जोडावेत.

शेवटी गिरणी. दाण्यात पोचलेलं बरंचसं लोह सालीलगतच्या थरात आणि अंकुरात बसतं, तेही फायटेट या दाण्यातल्या फॉस्फरसच्या साठ्याला चिकटून, त्यामुळे शरीराला ते नीट शोषताही येत नाही. पॉलिश करताना हाच भाग कोंड्यात जातो आणि पांढऱ्या तांदळात किलोमागे उरतं जेमतेम २-३ मिलिग्रॅम. फवारणीने त्यात चौथा हिस्सा भर पडली, तरी किलोमागे अर्धा-पाऊण मिलिग्रॅम; प्रौढ स्त्रीला आहारातून रोज लागतं १८ मिलिग्रॅमच्या घरात. जस्ताचं असं नाही. ते दाण्याच्या आतल्या पांढऱ्या भागातही बऱ्यापैकी शिरतं, पॉलिशनंतर पुष्कळसं टिकतं आणि फवारणीलाही चांगली दाद देतं. म्हणून खतातून तांदूळ पौष्टिक करण्याच्या प्रयोगांत जस्त केव्हाच पुढे निघून गेलंय.