डेरिंग

डेरिंग : धोका पत्करून एखादी गोष्ट करण्याची धमक, किंवा ती धमक दाखवून केलेली कृती. शब्द इंग्रजीतून आला. छापील मजकुरात तो ‘डेअरिंग’ असतो, बोलण्यात सर्रास ‘डेरिंग’. त्याचे लिंग मात्र अजून ठरलेले नाही. ‘एवढं डेरिंग कुठून आणलंस?’ आणि ‘माझी डेरिंगच झाली नाही’ ही दोन्ही वाक्ये पुण्यात एकाच कट्ट्यावर ऐकू येतात.

इंग्रजीत ‘डेअर’ या क्रियापदापासून झालेला हा शब्द नामही आहे आणि विशेषणही. मराठीने नाम तेवढे उचलले. विशेषणाची गरज पडली तेव्हा फारसीतला ‘बाज’ जोडून ‘डेरिंगबाज’ घडवला आणि तो धडाकेबाज, दगाबाज यांच्या पंगतीत बसवला. ‘ट्रुथ ऑर डेअर’ या खेळामुळे ‘डेअर’ही कॉलेजच्या मुलांच्या तोंडी आले, पण ते ‘दिले’ आणि ‘घेतले’ जाते, म्हणजे तिथेही त्याचे नामच झाले.

इंग्रजी वापरात छापा, सुटका, कडा चढणे अशा जिवावरच्या गोष्टी पुढे असतात. त्याखेरीज चाकोरी मोडणारा पोशाख किंवा नाटकही ‘डेअरिंग’ ठरते. मराठीत जिवाची भीती आहेच, पण खरा जोर माणसांच्या भीतीवर आहे. चाकणच्या कारखान्यात शिफ्ट सुटताना ‘उद्या ओव्हरटाइमला येणार नाही’ असे सुपरवायझरला तोंडावर सांगणारा, किंवा वडील पेपर वाचत असताना जातीबाहेरच्या लग्नाचा विषय काढणारी मुलगी, यांनी केलेले ते डेरिंग. नोकरी सोडून सदाशिव पेठेत खोली घेणाऱ्या आणि अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाबद्दल गावाकडचे हेच म्हणतात. निकाल लागेपर्यंत, अर्थात. निकाल उलटा गेला की त्याच डेरिंगला ‘आगाऊपणा’ हे नाव पडते.

‘रिस्क’ आणि ‘डेरिंग’ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिस्क व्यवहारात असते, डेरिंग माणसात. कर्ज काढून मशीन घेण्यात रिस्क आहे. ते घ्यायला डेरिंग लागते. कागदोपत्री मात्र ‘जोखीम’च चालते. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतला बाजारातील जोखमीचा इशारा सर्वांच्या कानावर आहे, आणि तिथे ‘डेरिंग’ टाकून पाहिले तर गुंतवणूकदार पळेल.

इतिहासाच्या पुस्तकांनी हा शब्द शिवलेला नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी मोजक्या माणसांनिशी लाल महालात शिरून शायिस्ताखानावर हल्ला केला. खानाची बोटे तुटली, जीव वाचला. पुस्तकात हे ‘धाडस’ किंवा ‘साहस’. आजच्या लाल महालासमोर, म्हणजे नंतर बांधलेल्या वास्तूसमोर, सहलीला आलेले पोर मात्र ‘काय डेरिंग असेल ना!’ म्हणते, आणि त्यात अनादर काहीच नसतो. गंमत अशी की ज्या ‘साहसा’ला आपण आज शुद्ध आणि भारदस्त मानतो, त्याचा धर्मशास्त्रातला अर्थ उघड बळजोरीने केलेला गुन्हा असा आहे. चोरी लपून होते, साहस समोरासमोर. आणि त्याला दंड सांगितलेला आहे.

पुण्यात या शब्दाला एक तिरकस वापरही आहे. ‘डेरिंग आहे बुवा तुमचं’ हे वाक्य कौतुकाच्या सुरात येते, पण ते भर वाहतुकीत उलट्या बाजूने स्कूटर घालणाऱ्याला उद्देशून असते. कोथरूडच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्षांकडे हिशेब मागणाऱ्यालाही शेजारची खुर्ची हेच पुटपुटते. तिथे कौतुक किती आणि टोमणा किती, हे हिशेब मिळतो की नाही यावर अवलंबून. स्वतःबद्दल बोलताना शब्द बहुधा नकारार्थीच येतो : ‘आपल्यात नाही बुवा तेवढं डेरिंग.’ ‘मी डेरिंगबाज आहे’ असे म्हणणाऱ्याकडे पेठांतली माणसे संशयानेच पाहतात.