नारानाग : हरमुखच्या पायथ्याचं भूतेश-ज्येष्ठेशाचं क्षेत्र

काश्मीर ग्रेट लेक्स ट्रेकला जाणारे बहुतेक जण नारानागला पोचतात ते अगदी शेवटी. सोनमर्गहून निघून निचनाई, विशनसर, गडसर, सतसर करत गंगाबल गाठलेलं असतं, शेवटच्या दिवशी तेराशे मीटरहून जास्त उतरून गुडघे बोलायला लागलेले असतात आणि श्रीनगरची गाडी खाली उभी असते. रस्त्यालगतची दगडी देवळं मग दहा मिनिटांत उरकली जातात. हे फार वाईट वाटतं, कारण जुन्या हिशेबाने नारानाग हा या वाटेचा शेवट नाही. वाट इथूनच सुरू व्हायची आणि देवळंही त्या वाटेमुळेच इथे आली.

गाव गांदरबल जिल्ह्यात, श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटरवर. लेहच्या रस्त्याने कंगनपर्यंत जायचं आणि तिथून वांगत नाल्याच्या खोऱ्यात शिरायचं. उंची सुमारे २,१३० मीटर. वस्ती मुख्यतः गुज्जरांची. उन्हाळ्यात गुरं-मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचं आणि थंडीआधी खाली यायचं, हा त्यांचा वर्षाचा क्रम. गावामागे चढत जाणाऱ्या डोंगराच्या माथ्याकडे ५,१४२ मीटर उंचीचा हरमुख आहे, आणि त्याच्या कुशीत सुमारे साडेतीन हजार मीटरवर गंगाबल सरोवर.

काश्मिरी पंडितांसाठी गंगाबल म्हणजे काश्मीरची गंगा. भाद्रपद शुद्ध अष्टमीला तिथली यात्रा असे आणि वर्षभरात गेलेल्यांच्या अस्थी त्या सरोवरात सोडल्या जात. हरमुख शिवाचं स्थान, म्हणून त्याच्या पायथ्याचं हे सारं खोरं नंदिक्षेत्र, आणि तिथले देव भूतेश व ज्येष्ठेश (ज्येष्ठरुद्र), दोन्ही शिवाचीच रूपं.

या क्षेत्राचा सगळ्यात मोठा साक्षीदार काश्मिरी इतिहासकार कल्हण. इ.स. ११४८ ते ११५० या काळात लिहिलेल्या राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या संस्कृत पद्य इतिहासात, हे ठिकाण पुन्हा पुन्हा येतं. त्यालाही कारण आहे : त्याचे वडील चंपक दरवर्षी सात दिवस नंदिक्षेत्रात घालवत. घरातच इतकी ओढ असलेल्या माणसाने केलेलं हे वर्णन आहे, म्हणून त्यातल्या भूगोलावर विसंबता येतं.

कल्हण सुरुवात करतो ती अशोकाचा मुलगा म्हणून त्याने सांगितलेल्या जलौकापासून. भूतेशाचं दगडी देऊळ जलौकाने बांधलं, असं तो म्हणतो. इथल्या सोदर झऱ्याची कथाही जलौकाचीच. श्रीनगरीत नवा झरा फुटला तेव्हा तो सोदरच आहे का, हे पाहण्यासाठी राजाने नंदिक्षेत्रातल्या झऱ्यात सोन्याचं बंद भांडं सोडलं आणि काही दिवसांनी ते तिकडे वर आलं. ही आख्यायिका झाली. पक्क्या इतिहासाला लागतो तो आठव्या शतकातला ललितादित्य मुक्तापीड, मार्तंडाचं सूर्यमंदिर बांधणारा. त्याने ज्येष्ठरुद्राचं उंच दगडी देऊळ उभारलं, त्याला जमिनी आणि गावं दिली, असं राजतरंगिणीत आहे. आज उभ्या असलेल्या मुख्य देवळाच्या बांधणीची धाटणीही त्याच काळाशी जुळते.

गावं इनाम मिळाली की त्यांच्यावर डोळा ठेवणारेही आलेच. अवंतिवर्मा (इ.स. ८५५–८८३) भूतेशाच्या दर्शनाला आला तेव्हा पुजाऱ्यांनी देवापुढे नैवेद्य म्हणून रानातली कडू भाजी ठेवली होती. राजाने कारण विचारलं. लहर प्रांतातला, म्हणजे आजच्या लार भागातला, धन्व नावाचा डामर (बडा जमीनदार) देवस्थानाची गावं बळकावून बसला होता. तो शूर या मंत्र्याच्या मर्जीतला, त्यामुळे त्याला हात लावायला कोणी धजत नव्हतं. शूराने त्याला बोलावणी धाडली आणि तो येताच भैरवाच्या मूर्तीसमोर त्याचं डोकं उडवलं. देवस्थानाचं उत्पन्न कुठून येत होतं आणि ते कसं आटायचं, हे या एका प्रसंगात जितकं कळतं तितकं कुठल्या शिलालेखातूनही कळलं नसतं.

पुढे क्षेत्र ओस पडलं आणि झाडीने अवशेष झाकले. संस्कृतचे अभ्यासक ऑरेल स्टाइन यांनी राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर १९०० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी वांगतचे, म्हणजे इथलेच, अवशेष हेच भूतेश-ज्येष्ठेशाचं क्षेत्र आणि नारान नाग हा झरा म्हणजेच सोदर, अशी ओळख पटवली. पुरातत्त्वज्ञ रामचंद्र काक यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात या अवशेषांचं वर्णन केलं. हेच काक पुढे जम्मू-काश्मीर संस्थानाचे पंतप्रधान झाले. आता हे स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

बघताना क्रम ठेवला तर रचना उलगडते. अवशेषांचे दोन गट आहेत, एकमेकांपासून सुमारे २०० मीटरवर. पश्चिमेकडच्या गटात मुख्य देऊळ, बाजूने सुमारे २५ फूट चौरस. त्याच गटाजवळ, डोंगर तीव्र चढू लागतो तिथे, झऱ्याचं दगडी कुंड आहे. दोन गटांच्या मधे एक लांबट जोतं दिसतं. त्याच्या काठाने खांबांच्या गोल बैठका आहेत, म्हणजे इथे खांबांचा मंडप असावा. जवळच एकाच शिळेतून कोरलेली प्रचंड डोणी आहे, ती चुकवू नका. दारांवर त्रिदल कमान आणि वर त्रिकोणी शीर्ष, ही काश्मिरी देवळाची खूण. छप्पर मुळात उतरतं, पिरॅमिडसारखं असायचं, बर्फ घसरून जावं म्हणून. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळात दगड चुन्याशिवाय बसवतात. काश्मीरचे कारागीर मात्र चुना वापरत आणि दगड धातूच्या खिळ्यांनी जखडत. सांध्यात मुळं शिरली, पाणी गोठून फुगलं किंवा भूकंपाने धक्का दिला की वरचे थर आधी सुटतात. खाली विखुरलेले घडीव दगड बरेचसे तिथलेच आहेत. त्यांवर चढू नका, बसूही नका.

हरमुखचं नाव आधुनिक इतिहासातही आहे. १८५६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक टी. जी. माँटगोमेरी यांनी इथल्या मोजणीच्या ठाण्यावरून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या काराकोरममधली दोन शिखरं टिपली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. दुसरं नाव कायमचं राहिलं. गंगाबलची यात्रा बरीच वर्षं खंडित होती, ती २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आता वाटेबद्दल. नुसतं गंगाबल आणि त्याच्या शेजारचं नुंदकोल सरोवर करायचं असेल तर नारानागहूनच चढायचं. हंगाम जुलै ते सप्टेंबरचा मध्य. पहिला टप्पा देवदार-फरच्या जंगलातून ट्रुनखोलच्या कुरणाकडे जातो. चढ छातीवरचा आहे आणि सुरुवातीच्या भागात पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी दोन लिटर भरूनच निघा. पावसानंतर मातीची वाट साबणासारखी होते. पाय घसरतात ते चढताना कमी, उतरताना जास्त, तेव्हा काठी घ्याच. वाटेत लष्कराकडून ओळखपत्रांची तपासणी होते, मूळ कार्ड आणि दोन-तीन झेरॉक्स जवळ हवेत. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, पण वर चढल्यावर तेही नाही.

सर्वांत जास्त त्रास होतो तो घाईमुळे. श्रीनगर १,५८५ मीटरवर. सकाळी तिथून निघून त्याच दिवशी ट्रुनखोलला मुक्काम केला तर शरीर एका दिवसात जवळजवळ १,८०० मीटर वर जातं. रात्री डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं हे मग ठरलेलंच. एक रात्र नारानागला काढा. दुपार देवळांच्या दोन्ही गटांना द्या, संध्याकाळी जंगलाच्या वाटेवर दीड-दोनशे मीटर चढून परत या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा.