खरवस चालतो, मग आईचा चीक का नको?

आमच्या कोथरूडच्या डेअरीत चीक येणार असला की काका आदल्या दिवशीच सांगतात, उद्या लवकर या, संपतो. मग गूळ, वेलची, जायफळ घालून कुकरमध्ये वाफवायचा आणि वड्या पाडून एक वाटी शेजारी. मागच्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा याच घरात आत्या म्हणाली, "अगं ते पहिलं पिवळं दूध पिळून टाक, जड असतं, बाळाला पचायचं नाही." म्हणजे म्हशीचा चीक पैसे मोजून आणायचा आणि बाळाच्या हक्काचा मोरीत ओतायचा!

खरवस विरजण न लावता नुसत्या वाफेवर का जमतो? कारण चिकात प्रोटीन भरपूर असतं आणि त्यातलं बरंचसं अँटीबॉडीजचं, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रोटीनचं. वासराला गाईच्या पोटात असताना वारेतून अँटीबॉडीज मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. माणसाच्या बाळाला वारेतून काही मिळालेल्या असतात पण त्या रक्तात, आतडं मात्र कोरंच. आईच्या चिकातली आयजीए नावाची अँटीबॉडी तिथे अस्तरासारखी बसते आणि जंतूंना चिकटू देत नाही. आणि ती आईला भेटलेल्या जंतूंविरुद्धच तयार होते, म्हणजे पुण्यातल्या आईच्या दुधात पुण्यातल्या जंतूंचा बंदोबस्त, हे डब्यातल्या पावडरीला कसं जमणार? पिवळा रंग बीटा कॅरोटीनचा, तो काही खराबपणा नाही. चीक येतोही थोडाच, पहिल्या 24 तासात सगळा मिळून साधारण दोन-तीन मोठे चमचे, आणि बाळाला तेवढा पुरतो.

मला सगळ्यात भारी वाटते ती दुधातली साखर. लॅक्टोज ही नेहमीची साखर नव्हे, तर तिच्यासोबत सुमारे 200 प्रकारच्या अशा साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत! त्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचा खाऊ. आई बाळाला पाजते आणि त्याच्या पोटातल्या भाडेकरूंनाही.

खरी गडबड तिसऱ्या आठवड्यात झाली. संध्याकाळी सहा वाजले की बाळ दर वीस मिनिटांनी रडायचं, प्यायचं, परत रडायचं. बहीण रडवेली, "ताई, माझं दूध पुरत नाहीये गं", आणि आत्या डबा आणायच्या तयारीत. आता इथेच घोळ होतो. अंगावरचं दूध टाकीत साठवलेलं नसतं, जेवढं रिकामं होईल तेवढं परत बनतं, भरलेलं राहिलं की बनणंच मंदावतं. म्हणजे घाबरून वरचं दूध सुरू केलं की बाळ कमी ओढतं, मग अंगावरचं खरंच कमी होतं आणि सगळे म्हणतात, बघा, सांगितलं होतं ना! बाळ संध्याकाळी सारखं पितं ते बऱ्याचदा पुढची ऑर्डर देत असतं. दूध पुरतंय का हे रडण्यावरून नाही, शू आणि वजनावरून बघायचं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा-एक वेळा तरी शू आणि वजन वाढतंय, तर ठीक चाललंय.

तिची खरी अडचण वेगळीच निघाली. बाळ फक्त टोक तोंडात धरत होतं, म्हणून भेगा पडलेल्या. नर्सबाईंनी बाळाचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं, भोवतीचा काळा भागही तोंडात, हनुवटी टेकलेली, आणि दोन दिवसात निम्मं दुखणं गेलं.

दुसरी अडचण म्हणजे आम्ही. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे आणि ताण आला की तो अडकतो. दर पाच मिनिटांनी "प्यायला का?" विचारायला दारात तीन माणसं उभी असतील तर काय फुटणार! मग आत्याला ढेकर काढायचं खातं दिलं, ती खूश. अळीवाचे लाडूही चालू होते, लोह आणि ताकद मिळते म्हणून जरूर खावेत, दूध वाढतं याचा पुरावा तसा तोकडाच. गुटीसोबत मध चाटवायचा बेत मात्र मी हाणून पाडला, वर्षाच्या आत मधाने बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषाचा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने पाणीही नको, अगदी मे महिन्यातसुद्धा, दुधात 87 टक्के पाणीच असतं.

काही जणींना खरंच दूध कमी येतं, तिथे डॉक्टरांना विचारून वरचं द्यावं आणि कोणी टोमणे मारू नयेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर दुग्धपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं आणि 62.5 अंशाला अर्धा तास तापवलेलं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली अशी पेढी 1989 मध्ये मुंबईत सायनला सुरू झाली.

2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा आहे (पहिल्या दोन मुलांसाठी), पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघरही. ती संपवून बहीण हिंजवडीला रुजू झाली तर ऑफिसातल्या 'मदर्स रूम'मध्ये पाण्याचे कॅन रचलेले! एचआरला तीन मेल केल्यावर कॅन हलले, आतून कडी लागली. आता ती दुपारी पंप करते, दूध ऑफिसच्या फ्रीजमध्ये, मग आइसपॅक लावलेल्या पिशवीतून आमच्याकडे. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं. गेल्या आठवड्यात बाबांनी त्यातलीच एक बाटली चहाला घेतली होती, ओतणार तेवढ्यात आई ओरडली. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी असते: बाळाचं, चहाचं नाही.