हार्ट अटॅकनंतर सहा महिने पलंग? मुळीच नाही

बडोद्यात दांडिया बाजारात कुणाला अटॅक आला की शेजारचा सल्ला ठरलेला: "काका, आता सहा महिने पलंग सोडायचा नाही हं!"

हा समज मूळचा डॉक्टरांचाच. पूर्वी खरंच कित्येक आठवडे झोपवून ठेवत. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. लेव्हाइन आणि डॉ. लाऊन यांनी रुग्णांना चक्क खुर्चीत बसवलं, तेव्हा कुठे हे बदलू लागलं. नुसतं पडून राहिलं की पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, स्नायू झिजतात. आता गुंतागुंत नसेल तर एक-दोन दिवसांत खोलीतच चालवतात. घरी आल्यावर आधी ओटीवर, मग सूरसागर तलावापर्यंत, पुढे कमाटीबागेत. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. छातीत दुखलं तर लगेच थांबायचं, दुखणं थांबलं नाही तर १०८ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. जिना, स्कूटर, नोकरी कधी, ते मात्र डॉक्टरांनाच विचारा.