खानदेशातील मैदानी खेळ आणि उन्हाळा

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत मार्च ते जून या काळात गल्ली, तालीम, शाळा व गावपातळीवरचे खेळ चालू राहावेत म्हणून वेळ, जागा, नियम आणि पाणी यांत केले जाणारे बदल. त्यांतले बरेचसे परिपत्रकांतून आलेले नाहीत, सवयीने रुळलेले आहेत.

उन्हाळ्यात खेळच बंद का ठेवत नाहीत, हा बाहेरच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. रब्बी निघालेली असते, शेते मोकळी असतात, शाळांना सुट्टी लागते आणि चैत्र-वैशाखात यात्रा व आखाजी (अक्षय्य तृतीया) येते. पोरांना मोकळा वेळ मिळतो तो याच दिवसांत. तापीचे खोरे मात्र सखल आहे. जळगाव-भुसावळचा पट्टा समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मी. उंच, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५° से.च्या वर गेला तर कुणाला नवल वाटत नाही. हवामान खात्याच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४०° आणि सरासरीपेक्षा ४.५° अधिक असले, किंवा थेट ४५° झाले, की उष्णतेची लाट धरतात. जिथे मेची सरासरीच ४२°च्या आसपास, तिथे ४४° हा कागदोपत्री साधा दिवस ठरतो; खेळाडूच्या अंगाला तो साधा नसतो.

सर्वांत जुना उपाय घड्याळाचा. तालमीत पहाटे अंधारात जोर-बैठका सुरू होतात आणि ऊन चढण्याआधी मेहनत संपते. कुस्तीच्या हौदातली तांबडी माती फावड्याने उकरून तिच्यावर पाणी व ताक शिंपडतात, त्यामुळे ती भुसभुशीत आणि गार राहते. कबड्डीच्या मैदानालाही सामन्याआधी पाणी मारतात, पण काळ्या मातीला पाणी जरा जास्त झाले की पाय घसरतो आणि कोरडी ठेवली तर भेगा पडतात. म्हणून वर तांबडी माती किंवा बारीक मुरूम पसरावा लागतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली अनुक्रमे १,६०० व ८०० मी. धावण्याचा सराव दिवस उजाडायच्या सुमारास डांबरी रस्त्यांवरच उरकतात. यात्रेतला एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या ओढण्याचा कार्यक्रमही बहुधा दिवस कलल्यावर होतो.

स्पर्धा मात्र संध्याकाळकडे सरकल्या आहेत, प्रकाशझोतात. प्रेक्षक आणि बक्षीस देणारे पाहुणे तेव्हाच येतात, हे खरे कारण. गारव्याचा विचार केला तर पहाटच सरस. खानदेशात मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, दिवसभर तापलेले सिमेंट आणि डांबर पुढे कित्येक तास उष्णता सोडत राहते, आणि शहर जितके दाट तितकी रात्र उशिरा निवते. सध्या जोरात असलेल्या बॉक्स क्रिकेटच्या, म्हणजे जाळीबंद छोट्या मैदानावरच्या क्रिकेटच्या, कृत्रिम गवताचे (टर्फचे) तर विचारूच नये. उन्हात त्याचा पृष्ठभाग ६०°च्या पुढे जाऊ शकतो; त्यामुळे दुपारचे बुकिंग स्वस्त असले तरी ते घेऊ नये.

नुसत्या पाऱ्यावर भरवसा ठेवणे घातक आहे. खेळासाठी वापरला जाणारा, हवेतली ओल व ऊनही धरणारा ‘वेट बल्ब ग्लोब’ निर्देशांक ओल्या फडक्याच्या तापमापीला ७०, काळ्या गोलातल्या तापमापीला २० आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन देतो. फुटबॉलमध्ये तो ३२°च्या वर गेला की प्रत्येक डावात पाणी-विश्रांती देण्याची फिफाची मार्गदर्शक सूचना आहे. मेच्या कोरड्या ४४°मध्ये घाम सुटताक्षणी वाळतो, बनियन कोरडेच राहते, आणि अंगातले पाणी-मीठ किती गेले ते पोराला कळत नाही. जूनच्या सुरुवातीला पारा ३८°वर उतरतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, पण हवेत ओल आल्याने निर्देशांक मेपेक्षा चढा असू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सभेत उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हाही पारा ३८°च्याच आसपास होता. मैदानावर हा निर्देशांक मोजणारे यंत्र क्वचितच असते. घरातला कूलर गार हवा देईनासा झाला, की सराव निम्म्यावर आणावा. ही खूण शास्त्रालाही धरून आहे, कारण कूलर आणि घाम दोन्ही बाष्पीभवनावरच चालतात.

नियमांत फेरफार करणे सोपे आहे, तरी आयोजक कचरतात. कबड्डीचा २० मिनिटांचा डाव मध्येच थांबवून पाणी देता येते, मध्यंतर ५ ऐवजी १० मिनिटांचे करता येते, राखीव खेळाडू सढळ हाताने वापरता येतात. खो-खोच्या ९ मिनिटांच्या पाळ्या मुळातच आटोपशीर. नव्या खेळाडूचे शरीर उन्हाला सरावायला ७ ते १४ दिवस लागतात. शिबिराच्या पहिल्याच दिवशी दमछाक करणारा प्रशिक्षक हे विसरतो. पन्हे आणि मीठ घातलेले ताक चांगलेच. घरगुती जलसंजीवनी म्हणजे १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व चहाचा अर्धा चमचा मीठ. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याचा उपयोग जेवताना होतो.

खेळाडू बरळू लागला, अडखळला किंवा बेशुद्ध पडला तर तो उष्माघात समजून कपडे सैल करावेत आणि गाडीची वाट पाहत न बसता जागेवरच डोक्यापासून पायापर्यंत गार पाणी ओतत राहावे. बर्फ असल्यास काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

रात्रीच्या वेळापत्रकाचा तोटा मुलींना होतो. साडेनऊला संपणारा सराव अनेक घरांत चालत नाही, टर्फचे भाडेही सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे शाळेच्या मैदानाचे फाटक पहाटे साडेपाचला कोण उघडणार, यावर मुलींच्या संघाचा उन्हाळा अवलंबून असतो.