दवातल्या सावलीभोवतीचं वलय

नाताळच्या सुट्टीत नागपुरात असाल तर एका सकाळी लवकर उठाच. रात्र निरभ्र आणि वाऱ्याविना गेलेली हवी. ऊन जमिनीवर आलं की दवाने भिजलेल्या गवतासमोर सूर्याकडे पाठ करून उभे राहा. अंबाझरी तलावाच्या काठचं गवत चालेल, गावाबाहेरचं गव्हाचं शेत मिळालं तर उत्तमच. लांब पडलेल्या सावलीत आपल्या डोक्याभोवतीचं गवत उजळलेलं दिसेल. चालू लागलात की उजेडही सोबत सरकतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीभोवती मात्र तो आपल्याला दिसत नाही!

सोळाव्या शतकातल्या बेन्वेनुतो चेल्लिनी या इटालियन शिल्पकाराला ही आपल्यावरची दैवी खूण वाटली होती. खरी करामत थेंबाची आहे, आणि मला ती कोणत्याही चमत्कारापेक्षा मोठी वाटते.

रात्री गवताचं पातं आपली उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उघड्या आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं. मग हवेतली वाफ त्याच्यावर थेंब होऊन जमते. विल्यम वेल्स या डॉक्टरांनी हे १८१४ सालीच सविस्तर मांडलं.

आता तो थेंब पाहा. तो गोल भिंग आहे. पाण्याचा अपवर्तनांक (पाण्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) १.३३, म्हणून समांतर किरण थेंबाच्या केंद्रापासून साधारण दोन त्रिज्यांवर एकवटतात, म्हणजे थेंबाच्या मागच्या बाजूपासून आणखी एक त्रिज्या पुढे. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी हे अंतर अर्धा मिलिमीटर. पातं तिथेच आसपास असेल तर त्यावर लख्ख ठिपका पडतो. ठिपक्याचा प्रकाश सगळीकडे विखुरतो, पण जो पुन्हा थेंबात शिरतो तो आल्या वाटेनेच सूर्याच्या दिशेने परततो. थेंब पात्यावर पसरला तर हे साधत नाही. गव्हाच्या पात्यावर मेणाचा थर आणि बारीक लव असते, त्यामुळे थेंब गोल आणि किंचित उचललेला राहतो. परतणारा प्रकाश टिपायचा तर डोळा सूर्य आणि थेंब यांना जोडणाऱ्या रेषेजवळ हवा, आणि असे थेंब फक्त आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती असतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे रात्री गाडीच्या दिव्यांत चमकतात ते त्यांत मिसळलेल्या काचेच्या मण्यांमुळे. तिथेही प्रकाश असाच माघारी फिरतो.

'तेजोवलयाचा फोटो' काढून तुमची ऊर्जा सांगणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. विजेच्या पट्टीवर बोट टेकवून काढलेल्या किर्लियन छायाचित्रात बोटाभोवती दिसते ती उच्च दाबाच्या विजेने हवेत उमटलेली चमक. बोटाचा ओलावा बदलला की चित्रही बदलतं. त्यापेक्षा मुलांना शेतात न्या आणि सावलीचा फोटो काढायला सांगा. मोबाईल छातीशी धरला तर फोटोतलं वलय डोक्याभोवती येत नाही, छातीशी येतं. हात लांब करून बाजूला धरला तर मोबाईलच्या सावलीभोवती. वलय शरीरातून निघत असतं तर मोबाईल कुठे धरला याने त्याची जागा बदलली नसती.